कराटेचे तास आणि घरातलं घड्याळ

कराटे आठवड्यातून किती वेळ करावं, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला चार जणींनी विचारला. मी स्वतः कराटे शिकलेली नाही. मराठी आणि इतिहास शिकवण्यात नोकरी संपली. पण गावात निवृत्त शिक्षिकेकडे असले प्रश्न येतातच. पोराला चष्मा लागला, बाईंना विचारा. पोरगी रुसून बसली, बाईंना विचारा. तसंच हेही.

चारही जणी आया होत्या आणि चारही वेळा विषय मुलीचा होता. मुलाबद्दल हा प्रश्न अजून एकीनंही विचारलेला नाही. खरं तर आमच्या हेदवीतून क्लासला जाणाऱ्यांत मुलगेही आहेत. ही गोष्ट डोक्यात राहिली, म्हणून हे लिहायला बसले.

उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. दहा ते चौदा वर्षांच्या मुलीनं आठवड्यातून तीन दिवस तासाभराचा क्लास करावा. उरलेल्यांपैकी तीन दिवस घरीच पडवीत किंवा अंगणात वीस-वीस मिनिटं सराव करावा. एक दिवस पूर्ण सुट्टी. सगळे मिळून चार तास झाले. हा वेळ तिच्या झोपेतून काढू नये, अभ्यासातून काढू नये. घरकामातून काढावा. खरा वाद या शेवटच्या वाक्यावर आहे हे मला माहीत आहे. त्याकडे येतेच.

आधी हे चार तास कुठून आले ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं आहे : पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी अंग हलेल, श्वास वाढेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातले निदान तीन दिवस त्यात जोराचा, हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा. तीन दिवसांचा क्लास यात नेमका बसतो. घाम निघतो, पाय ताणले जातात, उड्या होतात. बाकीची हालचाल चालण्यात, खेळण्यात, पोहण्यात व्हावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे कराटे हा मुलीच्या व्यायामाचा एक भाग झाला. सगळा व्यायाम त्यातच उरकला असं समजू नये.

वरची मर्यादाही सांगायला हवी. लहान वयातल्या खेळाडूंवर उपचार करणारे अमेरिकेतले डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात. मुलाचं वय जितकी वर्षं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला शिस्तीचा खेळ नको. बारा वर्षांची मुलगी असेल तर बारा तास. ही मर्यादा आहे बरं का, गाठायचं उद्दिष्ट नव्हे. त्याशिवाय आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून विश्रांती, असंही ते सांगतात. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कच्ची असतात. तीच लाथ, तोच सांधा, रोज दोन-दोन तास, असं झालं की गुडघा आणि टाच बोलू लागतात. मग पालक म्हणतात, कराटेनं पोरीचे पाय गेले. वास्तविक चूक प्रमाणाची असते.

ही दोन-तीन महिन्यांची विश्रांती आपल्याकडे वेगळी शोधावी लागत नाही. कोकणातलं वर्षच ती देतं. जुलैत लावणी असते. एस.टी. कधी येते, कधी येत नाही. मग गणपती येतात आणि आठ-दहा दिवस सगळी वाडी त्यातच असते. पुढे शिमगा आहे, वार्षिक परीक्षा आहे, मे महिन्यात आंब्याची गडबड आहे. क्लासचे सर यावर नाराज होतात, "सातत्य नाही" म्हणतात. त्यांचं चूक आहे असं नाही, पण शेतकऱ्याच्या घरातलं सातत्य असंच ऋतूंना धरून असतं. त्या दिवसांत घरच्या वीस मिनिटांनी धागा तुटू दिला नाही म्हणजे झालं.

आता घरच्या वीस मिनिटांत होतं तरी काय? हे मी माझ्या शेजारच्या सातवीतल्या मुलीकडून समजून घेतलं. कराटेत "काता" नावाचा प्रकार असतो. काल्पनिक प्रतिस्पर्ध्यासमोर ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. शोतोकान पद्धतीत नवशिक्यांना शिकवतात तो हेयान शोदान एकवीस हालचालींचा आहे आणि पुरा करायला मिनिटभरही लागत नाही. पाच वेळा नीट केला तरी मधली विश्रांती धरून दहा मिनिटं पुरतात. जागा लागते ती पडवीएवढी. जोडीदार नको, साहित्य नको, एस.टी. नको. वर्गात पाढे पाठ करून घेताना प्रत्येक शिक्षकाला जो अनुभव येतो तोच इथे आहे. रविवारी एकदम दोन तास घोकलेले पाढे बुधवारपर्यंत उडून जातात. रोज दहा मिनिटं म्हटलेले म्हातारपणापर्यंत टिकतात. माझे पावकी-निमकीचे पाढे अजून शाबूत आहेत, ते याच हिशेबानं.

यावर एका आईनं मला अडवलं. म्हणाली, "बाई, पण सर सांगतात रोज दोन तास केल्याशिवाय काही खरं नाही. जपानात म्हणे तसंच करतात."

सरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. कराटेचं मूळ ओकिनावा बेटावर. तिथले इतोसू आन्को हे जुने गुरू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे तिथल्या शाळांत आणण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं आणि वर सांगितलेल्या हेयान कात्यांचं मूळ रूपही त्यांनी विद्यार्थ्यांसाठीच बसवलं. १९०८ साली त्यांनी कराटेविषयी दहा सूचनांचं एक पत्र लिहिलं. त्यात रोज एक-दोन तास सरावाची गोष्ट आहे हे खरं. पण त्याच सूचनेत दुसरा आकडाही आहे, तीन ते चार वर्षांचा. इतकी वर्षं केलं तर शरीरात फरक दिसेल, असा त्याचा रोख आहे. जोडीला त्यांनी सावकाश चालूनही दूर जाणाऱ्या बैलाची उपमा दिली आहे. आपण "रोज दोन तास" तेवढं उचललं आणि बैल तिथेच सोडून दिला!

त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ चा. हेच कराटे घेऊन १९२२ मध्ये टोकियोला गेले ते. पेशानं शाळामास्तर, त्यामुळे मला ते जरा जवळचे वाटतात. दिवसा शाळा आणि रात्री गुरूच्या घरी सराव, असा त्यांचा क्रम होता आणि एकच काता ते महिनोन्महिने करत. गंमत म्हणजे त्याच १८६८ साली आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी जन्मले. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत तो सुरू केला. एक बेटावरचा मास्तर, एक संस्थानिक, एकमेकांचं नावही बहुधा ऐकलेलं नसेल. पण दोघांनाही कळलेली गोष्ट एकच होती : व्यायाम थोडा असावा, ठरल्या वेळी असावा आणि वर्षानुवर्षं असावा.

म्हणून मला वाटतं, आठवड्याला किती तास हा प्रश्न अर्धाच आहे. किती वर्षं, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. आमच्या भागातली मुलगी साधारण पाचवी-सहावीत क्लासला लागते. पहिल्या वर्षी उत्साह असतो. दुसऱ्या वर्षी सर म्हणतात, स्पर्धा आहे, पाच दिवस या. घरचे ओढाताण करून पाठवतात. आठवीत शिकवणी सुरू होते, नववीत "आता दहावीचं वर्ष येतंय" म्हणून कराटे बंद. गणवेश कपाटात जातो आणि परत बाहेर येत नाही. पाच दिवसांचा बेत केलेला असतो म्हणून तो मोडतो. तीन दिवसांचा केला असता तर दहावीत तो दोनावर आणता आला असता, पण बंद करावा लागला नसता. माझं सगळ्या आयांना सांगणं एवढंच असतं. दहावीच्या वर्षातही निभेल, इतकाच वेळ आज ठरवा.

बेल्टचंही तसंच. पिवळा झाला, नारिंगी कधी, हिरवा कधी, ही घाई मुलांपेक्षा आईवडिलांना जास्त असते. बेल्ट ही काही कराटेच्या मुळातली गोष्ट नव्हे. ती ज्यूदोकडून आली, आणि फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. त्याआधी ओकिनावात माणसं बिनपट्ट्याचीच शिकत होती. परीक्षा असावी, तिच्यानं मुलांना हुरूप येतो. शालेय स्पर्धांत कराटे आहे आणि वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, तेही वाईट नाही. पण गुणांसाठी सुरू केलेली गोष्ट गुण मिळाले की संपते. आणि कोणाच्या मनात ऑलिम्पिक असेल तर एक माहिती असू द्यावी. कराटे टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये होतं, ते २०२१ मध्ये झालं. २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. आशियाई स्पर्धेत मात्र ते १९९४ पासून आहे. ज्या मुलीत खरंच तेवढं कसब दिसेल तिचा हिशेब वेगळा. तिचे सर आणि तिचे आईवडील बसून तो करतील. मी शंभरातल्या नव्याण्णव जणींबद्दल बोलते आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते.

आमच्या इथून क्लासला जायचं म्हणजे शृंगारतळीला नाहीतर गुहागरला. क्लास तासाभराचा, पण एस.टी.ची वाट बघणं, जाणं, येणं धरून जवळजवळ तीन तास मोडतात. हे तीन तास घरात लगेच सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात. भांडी कोण घासणार? धाकट्याला कोण बघणार? पाणी, गोठा, संध्याकाळचा दिवा? आजी म्हणते, काळोख पडतो. काका म्हणतात, पोरीच्या जातीला काय करायचंय. तीन दिवसांचा हिशेब मिनिटामिनिटानं होतो.

त्याच घरातला तिचा भाऊ ओहोटीची वेळ बघून पुळणीवर क्रिकेट खेळायला जातो आणि सूर्य बुडल्यावर येतो. हे रोजचं. आठवड्याचे मोजले तर पंधरा तास सहज होतील. पण ते कोणी मोजत नाही. खेळायचंच वय आहे त्याचं, असं म्हणतात. माझी काही तक्रार नाही, मुलांनी खेळावंच. पण ते वय मुलीचंही असतं ना?

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. जगातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि बहुतेक देशांत मुली मुलग्यांच्या मागे आहेत. भारताची स्थिती त्यांना जगाच्या मानानं जरा बरी दिसली. त्यामागची त्यांनी सुचवलेली संभाव्य कारणं वाचून मी चष्मा काढून ठेवला. मुलगे गल्लोगल्ली क्रिकेट खेळतात म्हणून, आणि मुलींना घरकाम जास्त असतं म्हणून! म्हणजे आमच्या मुलीच्या शरीराला हालचाल मिळते ती कळशी आणि केरसुणीची. आकडेवारीत ती व्यायाम म्हणून बसली, चांगलं झालं. पण कळशी उचलताना पोरीला कोणी "शाबास" म्हणत नाही, आणि कळशी उचलण्यात ती कोणाला हरवतही नाही.

म्हणून म्हणते, कराटेचा वेळ घरकामातून काढा. झोपेतून नको. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. क्लासहून येऊन भांडी, मग अभ्यास, मग साडेअकराला अंथरूण आणि पाचला उठणं, असं चाललं तर व्यायामाचा फायदा तर सोडाच, पोरगी आजारी पडेल. तिच्या वाटणीचं काम तीन संध्याकाळी भावानं करावं. तो क्रिकेट अर्धा तास आधी आटपेल. बापानं करावं. घासलेल्या भांड्यावर ते कोणी घासलं हे लिहिलेलं नसतं. हे झालं तर तीन दिवस सहज निघतात, आणि हे होणार नसेल तर एक दिवससुद्धा जड जातो. किती तास, याचं उत्तर क्लासपेक्षा स्वयंपाकघरात जास्त ठरतं.

एका बाबतीत मात्र सावध करते. बरेच पालक मुलीला कराटेला घालतात ते "स्वतःचं रक्षण करता यावं" म्हणून. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं जे प्रशिक्षण आहे, तेही साधारण तीन महिन्यांचं असतं. हेतू चांगला आहे. पण तीन महिन्यांत, किंवा माझ्या चार तासांतही, बारा वर्षांची मुलगी धट्ट्याकट्ट्या माणसाला लोळवेल असं कोणी समजू नये. मिळतं ते वेगळंच काहीतरी. कराटेत ठोसा मारताना पोटातून ओरडायला शिकवतात. आमच्या मुलींना जन्मापासून "हळू बोल" एवढंच शिकवलेलं असतं. पहिले दोन महिने आवाजच फुटत नाही म्हणे. पुढे फुटतो. पाय रोवून उभं राहणं, नजर वर ठेवणं, नको असेल तर मोठ्यानं "नको" म्हणणं, आणि वेळ आली तर पळून जाऊन घरी येऊन सांगणं, एवढं जरी आलं तरी पैसे वसूल. मात्र सांगितल्यावर घरच्यांनी तिलाच "तू तिकडे गेलीसच कशाला" असं विचारलं, तर काळा बेल्टसुद्धा काही कामाचा नाही. रक्षणाची जबाबदारी मुलीच्या मुठीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

शाळांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतात. परीक्षा जवळ आली की ते गणिताला आणि इंग्रजीला दिले जातात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको. ते तास जागेवर राहिले, तर ज्या मुलींना क्लासची फी आणि एस.टी. दोन्ही परवडत नाही, त्यांच्या वाट्याला निदान काहीतरी येईल. कराटेच पाहिजे असं नाही. दोरखंड आणि खांब असेल तर मल्लखांब करा. काहीच नसेल तर सूर्यनमस्कार करा, त्याला फी नाही. कबड्डीला तर कोकणात मैदान आखायला फक्त काठी लागते.

शेवटी माझ्यासारख्यांबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या बायका हे वाचून म्हणतील, आपलं काय? आरोग्य संघटनेनं पासष्टच्या पुढच्यांनाही सोडलेलं नाही. तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करा म्हणतात, पडू नये म्हणून. म्हणजे आमचेही तीनच दिवस! सातवीतल्या त्या मुलीनं मला पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायला शिकवलंय. भिंतीला हात लावून मी ते करते. तिला त्याचं फार हसू येतं.

तर चार तास. हा आकडा कोणी साडेतीन म्हणेल, कोणी पाच. त्यावर मी भांडणार नाही. आपल्या घरातल्या मुलीच्या आठवड्याचा एक कागद करा आणि मुलाचाही करा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मग क्लासचे दिवस ठरवा.